'अहो' ते 'अरे' : मराठी सिनेमा, मालिका आणि साहित्यातलं बदलतं प्रेम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरातले वाचक-गट, मराठी किंवा जनसंवाद विषयात प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि संहितालेखन शिकणारी मंडळी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सलग वाचली तर एक धागा हाती लागेल, पण हवा तो प्रश्न सुटा वाचला तरी चालेल.

जुन्या मराठी सिनेमातलं प्रेम लाजरंबुजरं होतं आणि आताचं धीट झालं, एवढाच बदल आहे ना?

हा समज घेऊन अभ्यासाला बसलात तर पहिल्याच आठवड्यात अडकाल. 1938 चा 'ब्रह्मचारी' बघा. मास्टर विनायकांचं दिग्दर्शन, आचार्य अत्र्यांचं लेखन आणि निर्मिती आपल्या कोल्हापूरच्या 'हंस पिक्चर्स'ची. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या तरुणाला मीनाक्षीची नायिका स्वतः पुढाकार घेऊन प्रेमात पाडते आणि पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणते. त्यानंतर पन्नास वर्षांनी आलेल्या कितीतरी सिनेमांत नायिकेला एवढं मोकळेपण मिळालेलं नाही. म्हणजे ही रेघ सरळ चढत गेलेली नाही. ती चढते, मोडते, पुन्हा खाली येते.

अंगप्रदर्शन किंवा चुंबन मोजत बसलं की हा चढउतार दिसत नाही. त्यापेक्षा तीन गोष्टींवर नजर ठेवा. दोघांना बोलायला जागा कुठे मिळते? ते एकमेकांना हाक कशी मारतात? आणि शेवटचा निर्णय कोण घेतं, त्याची किंमत कोण मोजतं? खरा बदल या तीन ठिकाणी झाला आहे.

हाक मारण्यात एवढं काय आहे?

मराठीपुरतं बोलायचं तर जवळजवळ सगळं त्यातच आहे. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. 'हे', 'आमच्याकडचे', 'धनी', 'कारभारी' अशा आडवाटेनेच त्याचा उल्लेख व्हायचा. लग्नात आणि डोहाळजेवणात उखाणा घेताना तेवढं नाव तोंडात यायचं, तेही यमकाच्या आडून. त्यामुळे जुन्या कथेत किंवा सिनेमात बायको नवऱ्याला नावाने हाक मारते तेव्हा ती मोठी घटना असते, आणि लेखकाने ती जपून वापरलेली असते.

'अहो' जाऊन 'अरे' कधी आलं याची एकच तारीख सांगता येणार नाही. शहरी नाटकांत आणि कथांत ते आधी आलं, सिनेमात त्यानंतर, आणि रोजच्या मालिकांत सर्वांत उशिरा स्थिरावलं. 2012 च्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मधले घना आणि राधा एकमेकांशी अरे-तुरेनेच बोलतात, कारण त्यांचं नातं कराराच्या लग्नातून आणि मैत्रीतून उभं राहतं. उलट 2016 ला सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये पैलवान राणा शाळेत शिकवणाऱ्या अंजलीला 'पाठकबाई' म्हणत राहतो. वसगड्याच्या वाड्यात चित्रित झालेल्या या मालिकेत पुरुष बायकोला आदराने हाक मारतो आणि त्या आदरातच प्रेम दिसतं. एरवी 'बाई' ही हाक अंतर ठेवणारी, इथे ती लाडाची झाली.

प्रकल्प करणाऱ्यांनी एक साधं काम करावं. निवडलेल्या कलाकृतीतली सगळी संबोधनं पानाच्या किंवा मिनिटाच्या आकड्यासह उतरवून काढावीत. 'तुम्ही'चं 'तू' जिथे होतं, त्या जागेखाली रेघ मारावी. दहापैकी आठ वेळा कथेचं वळण तिथेच सापडतं.

सुरुवात कुठून करू? सगळं बघणं-वाचणं शक्य नाही.

कालक्रमाने जाऊ नका. 1932 पासून सुरुवात करणारे बहुतेक लोक पन्नाशीच्या दशकापर्यंत थकतात आणि ज्यासाठी बसलेले असतात तो आजचा काळ राहून जातो. जोड्या लावून बघा. एका जोडीला दोन आठवडे, तीन जोड्या म्हणजे दीड महिना.

पहिली जोडी 'कुंकू' (1937) आणि 'उंबरठा' (1982). दोन्हीकडे लग्न झालेली बाई 'नाही' म्हणते. पहिलीत फसवून लावलेल्या लग्नाला, दुसरीत घराच्या चौकटीला. दुसरी जोडी वाचायची : विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' (1934) आणि गौरी देशपांडे यांचं 'एकेक पान गळावया' (1980). तिसरी जोडी विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' (1983) हे नाटक आणि 'सैराट' (2016). दोन्हींत आंतरजातीय नातं आहे, पण एकाची गोष्ट लग्नापाशी संपत नाही आणि दुसऱ्याची लग्नानंतर तुटते. ही तिसरी जोडी अवघड आहे. 'कन्यादान'वरून त्या काळी मोठा वाद झाला होता आणि दलित वाचकांनी त्यावर घेतलेले आक्षेप समजून घेतल्याशिवाय चर्चेला बसू नये.

या सगळ्यात कोल्हापूरचा वाटा नेमका किती?

अभिमानाने सांगावा एवढा, पण नेमका सांगावा. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. 'प्रभात'ची स्थापना 1 जून 1929 रोजी इथेच झाली, कंपनी पुण्याला गेली ती 1933 मध्ये. त्यामुळे 'अयोध्येचा राजा' (1932) कोल्हापूरचा आणि 'कुंकू' पुण्याचा. ही गल्लत फार होते, प्रकल्पात ती आली की परीक्षक तिथेच थांबतात.

पण प्रेमाच्या चित्रणापुरतं बघायचं तर कोल्हापूरचा मोठा वाटा स्टुडिओइतकाच राजाराम कॉलेजच्या आवारात आहे. तत्त्वज्ञान शिकवणारे ना. सी. फडके आणि फारसी शिकवणारे माधव जूलियन हे दोघेही इथे प्राध्यापक होते. फडक्यांनी सुशिक्षित तरुण-तरुणींचं प्रेम मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणून बसवलं. जूलियनांनी गझल मराठीत रुजवली आणि प्रेयसीशी थेट बोलणारी कविता लिहिली. तिसरे वि. स. खांडेकर. 1936 चा 'छाया' त्यांनी 'हंस'साठी लिहिला आणि पुढे कोल्हापुरातच राहिले. एकाच शहरात, एकाच काळात प्रेमाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा नांदत होत्या.

जिल्ह्याचं नावही घ्यायला हवं. कोवाडच्या रणजित देसाईंनी 'स्वामी'मध्ये (1962) माधवराव-रमाबाईंचं दांपत्यप्रेम लिहिलं. 1987 मध्ये ते दूरदर्शनवर आलं तेव्हा ऐतिहासिक मालिकेत लढायांपेक्षा नवरा-बायकोतली शांतता लोकांच्या जास्त लक्षात राहिली. हळदी गावचे जगदीश खेबूडकर, 'पिंजरा'च्या लेखनात सहभागी असलेले शंकर पाटील, कागलचे आनंद यादव, गडहिंग्लज भागातले राजन गवस ही यादी लांबवता येते. बाबा कदमांच्या कादंबऱ्यांना अभ्यासात सहसा जागा मिळत नाही, ते चूक आहे. घराघरांतल्या मुलींनी आणि बायकांनी प्रेमकथा म्हणून वाचलं ते त्यांनाच, आणि लोकप्रिय वाचन बाजूला ठेवून प्रेमाचा अभ्यास होत नाही.

फडके आणि खांडेकर यांच्या प्रेमात फरक काय?

फडक्यांच्या नायक-नायिकेसमोरची अडचण बहुधा बाहेरची असते : गैरसमज, घरचा विरोध, योगायोग. ती दूर झाली की मीलन. खांडेकरांकडे अडचण आतली असते. प्रेम आणि ध्येय, सुख आणि कर्तव्य यांची ओढाताण चाललेली असते. 'ययाति'मध्ये (1959) तर एकच नातं ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितलेलं आहे. कोण खरं बोलतंय हे वाचकाने ठरवायचं. गटात वाचताना तीन जणांनी तीन निवेदनं वाटून घ्यावीत आणि एकमेकांना न सांगता 'दोष कोणाचा' हे लिहून आणावं. तिघांची उत्तरं सहसा जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यापासूनच चर्चा सुरू करावी.

एखादं दृश्य 'वाचायचं' म्हणजे नेमकं काय करायचं?

तीन ते पाच मिनिटांचं दृश्य निवडा, त्याहून मोठं नको. ते तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून : कोण उभं आहे, कोण बसलं आहे, मध्ये काय आहे (दार, खांब, पाळणा, ताट), कोण आधी नजर वळवतं. दुसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून, फक्त कानांनी. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. दर वेळी अर्धं पान लिहा.

'कुंकू' या पद्धतीने बघा. नीराला (शांता आपटे) फसवून म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलं आहे, आणि काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातले खरे आवाज, त्यातही भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. चित्र न बघता ऐकलं की कळतं, व्ही. शांतारामांनी त्या घड्याळाला जवळजवळ पात्र केलं आहे. म्हाताऱ्याचं सरत आलेलं वय आणि नीराचं वाया चाललेलं वय एकाच लंबकावर मोजलं जातं. वाद्यं भरली असती तर प्रेक्षकाला रडू आलं असतं, इथे तो अस्वस्थ होतो.

संदर्भ म्हणून एक गोष्ट जोडून ठेवा. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचं किमान वय 14 आणि मुलाचं 18 केलं, पण दोघांच्या वयातल्या अंतराला मर्यादा घातली नाही. म्हणून नीराचं लग्न कायद्याने अडत नव्हतं. तिच्या 'नाही'मागे कायदा उभा नाही, ती एकटी आहे. हे ध्यानात घेतलं नाही तर तिचा हट्ट आजच्या विद्यार्थ्याला कमी धाडसाचा वाटतो.

तमाशापटातलं प्रेम वेगळं काढून का अभ्यासतात?

कारण तिथे प्रेमाची वाटणी झालेली असते. घरात पत्नी, फडावर नाचणारी. एकीला मान आणि दुसरीला गाणी. 'सांगत्ये ऐका' (1959) पासून 'पिंजरा'पर्यंत (1972) मराठी सिनेमातली सगळ्यांत उघड शृंगारिक गाणी लावणीच्या वाट्याला आली, कारण तिथे ती 'धंद्याचा भाग' म्हणून चालत होती. घरंदाज नायिकेच्या तोंडी तोच भाव ओवीत किंवा अंगाईत लपवावा लागायचा. 'पिंजरा'त मास्तर फडात जातो तेव्हा तो आदर्शापासून 'घसरतो', अशी मांडणी आहे. नाचणारीच्या प्रेमाचा विचार त्या मानाने कमी होतो. त्या बाजूने पुन्हा बघा, सिनेमा वेगळा दिसेल.

त्याच वर्षांत 'साधी माणसं' (1965) मध्ये भालजी पेंढारकरांनी लोहार जोडप्याचं प्रेम भात्याशेजारी दाखवलं. दोघं एकत्र राबतात, आणि राबताना गातात. आमच्या मते मराठी सिनेमातल्या दांपत्यप्रेमाचं इतकं निखळ चित्र पुन्हा फार थोडं झालं.

'जोगवा'ला एवढं महत्त्व का देता?

प्रेम करण्याचा हक्कच ज्यांच्याकडून काढून घेतला आहे, अशा दोघांची ती गोष्ट आहे म्हणून. यल्लम्माला सोडलेली सुली आणि साडी नेसायला भाग पाडलेला तायप्पा. दोघांनाही समाज देवाची माणसं म्हणतो, म्हणजे कोणाचीच नाही. राजीव पाटील यांच्या या सिनेमाला राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेचा आधार आहे. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांच्यातलं प्रेम वाढतं ते एकमेकांकडे माणूस म्हणून, बाई आणि पुरुष म्हणून बघण्यातून. इथे नजर हीच जागा आहे, कारण दुसरी जागा त्यांना कुणी ठेवलेलीच नाही.

शाहू महाराजांनी 1920 मध्ये आपल्या संस्थानात जोगत्या-मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी हा सिनेमा आला आणि लोकांनी तो आजची गोष्ट म्हणून पाहिला. हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी बराच अभ्यास होतो.

मालिकांत लग्न आधी आणि प्रेम नंतर, असं का असतं?

संस्कृती हे अर्धं उत्तर. उरलेलं उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटं कथा लागते, आठवड्याला पाच-सहा भाग. एवढं चित्रीकरण रोज बाहेर जाऊन होत नाही, घराचा सेट लागतो. दोन पात्रं रोज एकाच सेटवर आणायची तर सोपा मार्ग म्हणजे त्यांचं लग्न लावून देणं. मग करार, गैरसमज, बळजबरी, वचन अशा कुठल्या तरी कारणाने लग्न होतं आणि प्रेम पुढचे काही महिने हळूहळू फुलवता येतं. ओट्यापाशी, जिन्यात, गच्चीत भेटी होतात. स्वयंपाकघरातली सासू हा त्या भेटींमधला अडथळाही सेटवरच हजर असतो.

हा साचा नेहमी असाच नव्हता. 1999 ला अल्फा मराठीवर आलेल्या 'आभाळमाया'मध्ये संसार आधीच उभा होता आणि त्याला गेलेला तडा हा विषय होता. त्याआधीच्या साप्ताहिक मालिकांना दोन भागांमध्ये आठवडा मिळायचा, प्रेक्षक विचार करायचा. रोजच्या मालिकेला उद्याचा ताण लागतो. म्हणून एकाच गालावरच्या थपडेचं दृश्य तीन दिशांनी, तीनदा दिसतं.

तरीही मालिकांना कमी लेखू नये. 'अग्गंबाई सासूबाई'ने (2019) सुनेच्या पुढाकाराने विधवा सासूचं लग्न लावलं आणि ते रोज रात्री घरात, आजी-आजोबांच्या समोर दिसलं. सिनेमागृहात न जाणाऱ्या माणसांपर्यंत हा विषय पोचला तो त्यामुळे. 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. जेवणाच्या ताटासमोर त्यावर मोकळं बोलणं व्हायला मात्र शंभर वर्षं गेली.

'सैराट'ने नेमकं काय बदललं?

पहिली गोष्ट, पुढाकार. अर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन परश्याच्या दारात जाते. 'ब्रह्मचारी'नंतर इतका उघड पुढाकार घेणारी आणि तरीही सिनेमाने हसण्यावारी न नेलेली नायिका क्वचितच आली. पण नीट बघा, हा पुढाकार तिला जातीने आणि वडिलांच्या सत्तेने दिलेला आहे. परश्याला तो घेताच आला नसता.

दुसरी गोष्ट, रचना. विहीर, ऊसाचे फड, संथ गतीची पळापळ, चारही गाणी हे सगळं पूर्वार्धात आहे. गाव सुटल्यावर गाणं थांबतं आणि भाडं, स्टोव्ह, संशय, पगार सुरू होतो. प्रेमपट जिथे 'शेवट गोड' म्हणून उठतो, तिथून नागराज मंजुळ्यांनी दुसरा सिनेमा सुरू केला. शेवटी आवाजही काढून घेतला. रक्ताने माखलेली लहान पावलं दिसतात आणि कानात काहीच नसतं. पहिल्या भागात भरभरून दिलेलं संगीत त्या शांततेसाठीच होतं.

गटात ही चर्चा अनेकदा 'पळून जायला नको होतं' इथे येऊन अडकते. तसं झालं तर एकच प्रश्न विचारा : गावात राहून त्यांना बोलायला कोणती जागा होती? मग चर्चा मार्गावर येते.

जातीचा विषय बाजूला ठेवून फक्त प्रेमाचा अभ्यास करता येईल का?

नाही. मराठीत 'घरचा विरोध' या शब्दांमागे बहुतेक वेळा जात असते, नाव घेतलेलं नसलं तरी. पात्रांची आडनावं, घरातलं जेवण, देवघर, बोली, गावातली घराची दिशा हे सगळं टिपा. ज्या कथेत दोघांची जात एकच आहे आणि म्हणून अडचण येत नाही, तिथेही जात आहेच. नागराज मंजुळ्यांच्याच 'फँड्री' या सिनेमातला जब्या शालूशी एक शब्द बोलू शकत नाही, आणि सगळा सिनेमा त्या न बोलण्यावर उभा आहे.

स्त्रियांनी लिहिलेल्या साहित्यात वेगळं काय सापडतं?

1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा लेखिकेला विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे लपावं लागलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींना शरीर आणि मन दोन्ही आहे, एवढंच त्या कथा सांगत होत्या. तेवढ्यावरून गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर'मध्ये लग्नाविना पुरुषाबरोबर राहण्याचा प्रश्न आला.

गौरी देशपांड्यांकडे येईपर्यंत प्रश्न बदलतो. प्रेम करायला परवानगी मिळेल का, हा प्रश्न त्यांच्या नायिका विचारत नाहीत. प्रेम आहे, संसारही बरा आहे, तरी मन भरत का नाही, असं त्या विचारतात. मेघना पेठे यांच्या 'नातिचरामि'त (2005) लग्नाच्या शपथेचाच हिशोब मांडला आहे. आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (2003) हे आत्मकथन सोबत वाचल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. नवरा-बायकोचं प्रेम, जात, बाईचं शिक्षण आणि चळवळ एकाच घरात कशी एकमेकांत अडकतात ते तिथे दिसतं. मध्यमवर्गीय नायिकेच्या एकटेपणावर थांबलेल्या चर्चेला त्याची गरज असते.

समलिंगी नात्यांचं चित्रण मराठीत कधीपासून आहे?

लोकांना वाटतं त्याच्या बरंच आधीपासून. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 चं. 'उंबरठा'त महिला आश्रमातल्या दोघींचं नातं आहे, आणि ते समजून न घेणाऱ्या यंत्रणेशी नायिकेचा खटका उडतो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी 2006 ची, त्यात भाऊ आणि बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडतात. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 6 सप्टेंबर 2018 ला. 'कायदा बदलला म्हणून लेखन आलं' असं प्रकल्पात लिहू नका. लेखन आधीचं आहे.

2025 मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. त्याचं वेगळेपण जागेत आहे. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस, गाव, माणसांनी भरलेलं घर, आणि त्यात दोन पुरुषांचं प्रेम. अशा नात्याला गाव सोडून महानगरातच जावं लागतं, हा ठरलेला प्रवास इथे उलटा झाला आहे.

कादंबरीवरून सिनेमा झाला की प्रेमाचं काय होतं?

आतला आवाज बाहेर काढावा लागतो. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त सगळं नववीतला मुकुंद सांगतो. शिरोडकरविषयी त्याला काय वाटतं ते तिला कळत नाही, पण वाचकाला पानोपानी कळतं. सिनेमात ते मनातलं बोलणं नजर, वर्गातली बाकं, शाळेची वाट यांच्यावर वाटून द्यावं लागलं. तुलना करताना 'पुस्तकच चांगलं' इथे थांबू नका. कादंबरीतली दहा पानं निवडा आणि त्यातलं काय दिसलं, काय ऐकू आलं, काय गळलं अशी तीन रकान्यांत नोंद करा.

गटात किंवा कॉलेजात कार्यक्रम करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात सिनेमा दाखवू नका. ती परवानगी घरापुरती असते. हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्यावी, तिला वेळ लागतो, म्हणून दोन महिने आधी पत्र पाठवावं. शैक्षणिक संस्थेला शिकवण्याच्या कामासाठी कायद्यात मर्यादित सूट आहे, पण बाहेरच्या लोकांना बोलावलं की ती लागू राहत नाही.

चर्चेला पंधरा ते वीस माणसं पुरे. तीसच्या वर गेलं की चार जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. पाऊण तास दृश्यांना, सव्वा तास चर्चेला ठेवा. विषय प्रेमाचा असल्याने कुणाच्या खासगी आयुष्यावर बोलणं घसरतं, कॉलेजात तर हमखास. 'पात्राबद्दल बोलू, माणसाबद्दल नाही' हा नियम सुरुवातीलाच सांगून ठेवावा. मुली गप्प राहत असतील तर प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता मागवावेत.

पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय ही दोन ठिकाणं आधी गाठावीत. विद्यापीठाच्या आवारातच खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे.

वर्षांचा घोळ होतो. कोणतं वर्ष लिहायचं?

प्रदर्शनाचं वर्ष लिहा आणि तसं सुरुवातीला नमूद करा. 'जोगवा'ला 2008 सालासाठीचे राष्ट्रीय पुरस्कार आहेत, पण तो चित्रपटगृहांत आला 2009 मध्ये. 'फँड्री' महोत्सवांत 2013 ला, प्रदर्शित फेब्रुवारी 2014 ला. 'नटरंग' 1 जानेवारी 2010 चा.

मला स्वतःला कोल्हापुरातली प्रेमकथा लिहायची आहे. सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

दोन ठिकाणी. पहिली चूक कचेरीत. पळून आलेलं जोडपं कोर्टात जाऊन त्याच दुपारी हार घालून बाहेर पडतं, असं अजून लिहिलं जातं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य लागतं, नोटीस कचेरीत लावली जाते आणि 30 दिवस थांबावं लागतं. लग्नाला तीन साक्षीदार हवेत, वय मुलीचं 18 आणि मुलाचं 21 पूर्ण. धार्मिक विधीने लग्न करून नंतर नोंदणी करणं ही वेगळी वाट आहे, ती लवकर होते. कथेत कोणती वाट ते ठरवा. भिंतीवर लागलेली ती नोटीस आणि तिच्यासमोरून कुणीतरी ओळखीचं जाण्याची धास्ती, यात महिनाभराची गोष्ट दडलेली आहे.

दुसरी चूक बोलीत. 'लई', 'नाद खुळा' आणि 'रांडच्या' पेरले की कोल्हापुरी झालं, असं समजतात. इथल्या कितीतरी मुली आणि बायका स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी जातो', 'मी बघतो' असंच बोलतात. पुण्या-मुंबईचा लेखक ते 'मी आले', 'मी जाते' करून टाकतो आणि पात्र तिथेच परकं होतं. 'काय करतेयस'च्या जागी 'काय करालाईस' येतं. गावातला मुलगा मुलीला 'तू मला आवडतेस' असं सरळ म्हणत नाही. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तो 'जेवलीस काय?' विचारतो. ती 'जेवलो की' म्हणते आणि उठत नाही. तिच्या तोंडी 'जेवले' घातलंत, तर इथला वाचक त्याच ओळीला पुस्तक मिटून ठेवतो.